टी.व्ही. रुसतो तेव्हा



मृगाचा पहिला दणदणीत पाऊस येतो आणि घरोघरी तोच संवाद ऐकू येतो, "अगं सूनबाई, टी.व्ही. गेला!" मग कुणी डब्यावर टपली मारतं, कुणी रिमोटमधले सेल काढून पुन्हा घालतं, कुणी मागची वायर हलवून पाहतं. बाकीची मंडळी आपापल्या कामाला गेलेली असतात. मेकॅनिकला फोन करायचा तो आपणच, तो आला की त्याच्यापुढे उभं राहायचं ते आपणच, आणि "एलएनबी गेलीय ताई, नवी टाकावी लागेल" असं त्यानं सांगितलं की घरखर्चातून पैसे मोजायचे तेही आपणच. म्हणून आज लोणची-मुरंबे जरा बाजूला ठेवू आणि गच्चीवरची छत्री, दिवाणखान्यातला सेट-टॉप बॉक्स आणि त्या दोघांना जोडणारी वायर या तिघांचा संसार समजून घेऊ.

विषय यंत्राचा आहे म्हणून पान उलटू नका हं! कुकरची शिट्टी का होत नाही, मिक्सर का अडतो, हे आपल्याला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. गरज पडली तसं शिकलोच ना?

पूर्वीचा कुरकुरायचा, आताचा अबोला धरतो

मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. त्या काळी छपराछपरांवर काड्यांच्या अँटेना उभ्या असत. आपल्या आई-मावश्यांना तो सोहळा चांगला आठवत असेल: एकजण गच्चीवर अँटेना फिरवतोय, एकजण जिन्यात निरोप्या म्हणून उभा, आणि टी.व्ही.समोरून आरोळी, "आलं! आलं! गेलं... जरा डावीकडे घ्या!" तेव्हा लहरी कमी पडल्या की पडद्यावर मुंग्या यायच्या, माणसांच्या मागे सावल्या दिसायच्या. चित्र वाईट असे, पण असे. आजार दिवसेंदिवस डोळ्यांना दिसत असे.

दूरदर्शनची ती जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली. तुमच्या छपरावर अजून तशी गंजकी अँटेना उभी असेल, तर वादळात कुणाच्या डोक्यात पडण्याआधी उतरवून घ्या. २०१६ साली दूरदर्शननं मुंबई, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) यांच्यासह देशातल्या सोळा शहरांत मनोऱ्यांवरूनच डिजिटल प्रक्षेपणही सुरू केलं होतं. त्यासाठी म्हणून कुणी अँटेना विकायला आला, तर आधी तुमच्याच घरात, तुमच्याच टी.व्ही.वर चालवून दाखवायला सांगा, मगच पैशाला हात घाला.

आता घराघरात डिजिटल चित्र आलं, आणि त्याचा स्वभाव अगदी निराळा आहे. उंबरठ्यावर आलेलं दूध पाहिलंय ना? पातेल्यात बघाल तर पांढरंशुभ्र. वासही नाही. पण गॅसवर ठेवलं की फाटतं. डिजिटल चित्राचं तसंच आहे. ते आकड्यांच्या रूपात येतं. वाटेत काही आकडे हरवले तर बॉक्स ते स्वतःच दुरुस्त करून घेतो आणि आपल्याला चित्र लखलखीत दिसत राहतं. पण ही दुरुस्ती एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि क्षणात पडदा काळा. म्हणजे छत्री थोडी कललेली असली, पिनेत पाणी शिरलेलं असलं, तरी उन्हाळाभर काही कळत नाही. पहिला पाऊस म्हणजे त्या दुधाखाली पेटवलेला गॅस!

म्हणूनच सांगते, चित्र छान दिसतंय म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नये. पाहायचा तो आकडा.

तो आकडा कुठे असतो?

तुमच्या बॉक्सच्या रिमोटवर 'मेनू' दाबा. त्यात 'सेटिंग', 'सेटअप' किंवा 'सिग्नल' अशा नावाचं पान असतं. (केबलच्या काही डब्यांत ते पान नसतं. तिथे केबलवाल्यालाच त्याच्या यंत्रावर पाहायला सांगावं.) त्या पानावर दोन पट्ट्या दिसतात. एक 'स्ट्रेंग्थ' म्हणजे जोर आणि दुसरी 'क्वालिटी' म्हणजे शुद्धता. आपल्याला महत्त्वाची दुसरी. गर्दीत कुणी मोठ्यानं ओरडलं तरी शब्द कळतीलच असं नाही. जोर आणि शुद्धता यांत तोच फरक आहे.

आकाश निरभ्र असताना हे दोन्ही आकडे पाहून ठेवा. शेजारणीच्या आकड्याशी तुलना करू नका, कारण प्रत्येक बॉक्सचं मोजमाप वेगळं. आपला आजचा आकडा आपल्याच गेल्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहायचा. आणि हो, त्याच पानांजवळ 'फॅक्टरी रिसेट' किंवा 'सगळ्या वाहिन्या पुसा' अशी बटणंही असतात. तिकडे बोट जाऊ देऊ नका.

आता या आकड्यांवरून निदान करू या. हे छत्री असलेल्या घरांसाठी:

१. जोर भरपूर, शुद्धता शून्य: वायर आणि एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचं ते बोंडासारखं यंत्र) बहुधा जिवंत आहेत. छत्रीची दिशा हलली आहे, किंवा समोर काही आड आलं आहे.

२. दोन्ही शून्य: वायर तुटली, पिन निसटली, नाहीतर एलएनबी बंद पडली. एलएनबीला वीज बॉक्समधूनच त्याच वायरीनं वर जाते, त्यामुळे खालची पिन सैल असली तरी वरचं सगळं मुकं होतं. सर्वांत आधी बॉक्सचा प्लग काढून मागची पिन हातानं घट्ट फिरवा.

३. शुद्धता वरखाली नाचते: वाऱ्यानं छत्री हलते आहे, किंवा जोडात ओल आहे.

४. आकडे उत्तम, पण चित्रच नाही: दोष छत्रीचा नाही. टी.व्ही.चा 'सोर्स' बदलला असेल (नातवंडांची करामत!), टी.व्ही.-बॉक्समधली वायर सुटली असेल किंवा पैसे भरायचे राहिले असतील.

५. मोजक्याच वाहिन्या नाहीत, बाकी सगळ्या झकास: बहुधा त्या पॅकमधून गेल्या असतात. फ्री डिशवर तर वाहिन्यांची अदलाबदल होतच असते. मेनूतून नव्यानं शोध, म्हणजे 'ऑटो स्कॅन', करून पाहा.

एवढं निदान फोनवरच सांगितलंत, तर येणारा मेकॅनिक योग्य सामान घेऊन येतो आणि 'आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी' असा प्रकार होत नाही.

छत्री बघते कुठे?

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्या वेगानंच फिरत असल्यानं आपल्याला एकाच जागी स्थिर वाटतो. दूरदर्शनची फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या महाराष्ट्रातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून ५५ ते ६० अंश उंच येतो. खासगी कंपन्यांचे उपग्रह निरनिराळ्या जागी असल्यानं कंपनी बदलली की छत्रीचं तोंडही सहसा फिरवावं लागतं.

छत्री खाली, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे बघते आहे असं वाटून कित्येकजणी ती 'नीट' वर करायला जातात. तसं करू नका. या छत्रीची घडणच अशी, की तिचं तोंड दिसतं त्याहून वीसेक अंश वर तिची नजर असते.

आणि ही नजर फार नाजूक. दोन फुटी छत्रीची कड एक सेंटिमीटर सरकली, तर नजर एका अंशानं वळते, आणि तिथे आकाशात उपग्रहाजवळ तोच फरक सहाशे किलोमीटरांहून मोठा होतो! तेव्हा कपडे वाळत घालायची दोरी छत्रीच्या खांबाला मुळीच बांधू नका. ओल्या चादरींचं ओझं आणि त्यात वारा, म्हणजे छत्री फिरलीच. कुरडया-पापड्यांची वाळवणं घालताना तिला टेकून चटईही उभी करू नये.

समोर झाड किंवा नवी इमारत आड येते आहे का, हे पाहायची फ्री डिशवाल्यांसाठी एक सोपी युक्ती सांगते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत, सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन पडलं असेल तर वाट मोकळी आहे. आंब्याच्या फांदीची सावली पडली असेल, तर फांदी छाटायची वेळ झाली. मात्र त्याच दिवसांत, त्याच वेळी काही मिनिटं चित्र आपोआप तुटतं. सूर्याच्या लहरींपुढे उपग्रहाचा आवाज दबतो. तो बिघाड नव्हे, मेकॅनिकला बोलावू नका.

पावसाळ्याआधीची बेगमी

या लहरी अवघ्या अडीच सेंटिमीटरांच्या असतात. मुसळधार पावसात थेंब त्यांना वाटेतच गिळतात आणि विखरून टाकतात. ढगफुटीसारखा पाऊस असला तर दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणारच. त्याला इलाज थांबणे हाच. पण साध्या रिमझिमीतसुद्धा चित्र जात असेल, तर ते नक्कीच दुरुस्त होण्यासारखं दुखणं आहे. कोकणात किंवा महाबळेश्वरसारख्या भागात राहणाऱ्यांनी मोठी छत्री घ्यावी. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घेतली की तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणजे ती तेवढ्या जास्त लहरी गोळा करते.

तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा वैशाखातच माणूस बोलावून एवढी कामं करून घ्या:

• क्लॅम्पचे आणि दांड्याचे नटबोल्ट आवळून, त्यांवर गंजविरोधी रंग.

• एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलं असेल तर बदलणे. त्यावर पिशवी बांधू नये, पाणी उलट साचतं.

• वरच्या पिनेवर रबरी टोपी किंवा घट्ट टेप. आतली तांब्याची तार हिरवट झाली असेल तर टोक कापून नवी पिन.

• वायर खिडकीच्या फटीत चेपलेली नसावी, उघडे जोड कमीत कमी असावेत.

• घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला ठिबकतं, वायरीबरोबर आत येत नाही.

पैशाचं काय?

२०१२ मध्ये मुंबईत, २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा शहरांत, आणि पुढे २०१७ पर्यंत सगळीकडे केबललाही सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि हवी ती एकेकटी घेता येते. तेव्हा पॅक घेण्याआधी घरात कागद फिरवा: सासूबाईंची मालिका कोणती, मामंजींच्या बातम्या कोणत्या, मुलांचं काय. बहुतेक घरांत रोज पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात.

ज्यांना दरमहा खर्च नको, त्यांच्यासाठी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री, बॉक्स आणि मजुरी एकदाच. मासिक वर्गणी नाही. सह्याद्री वाहिनी तर असतेच. मी अर्धवेळ शिक्षिका असल्यानं एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०२० मध्ये शाळा बंद असताना इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या या मार्गानंही घरोघरी पोचल्या. जिथे फोन एकच आणि मुलं तीन, तिथे चालू टी.व्ही. म्हणजे फळाच होता. मात्र बॉक्स घेताना 'एमपेग-४' प्रकारचा आहे ना, हे विचारून घ्या. जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

आता काही गळत्या बुजवू या. एचडीचे जादा पैसे भरताय आणि बॉक्स टी.व्ही.ला जोडलाय पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी? मग एचडी तुमच्यापर्यंत पोचतच नाही! एचडीएमआयची वायर हवी. माणसं ठेंगणी-गुबगुबीत दिसत असतील तर तो सिग्नलचा दोष नव्हे. रिमोटवरून चित्राचा आकार बदला. रात्री टी.व्ही. बंद करता, पण बॉक्स चालूच राहतो ना? दहा वॅटचा बॉक्स महिनाभर अखंड चालला तर ७.२ युनिट वीज खातो. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करत जा.

दुसऱ्या खोलीत टी.व्ही. हवा असेल तर छत्रीची वायर साध्या दुफाट्यानं फाडून दोन बॉक्सना देऊ नका. कोणत्या लहरी खाली पाठवायच्या हे बॉक्सच वायरीतून विजेचा दाब बदलून एलएनबीला सांगतो. दोन बॉक्स दोन हुकूम सोडू लागले की एका घरात दोन सासवांसारखी एलएनबीची गत होते. त्यासाठी दोन तोंडांची एलएनबी मिळते आणि दुसरी वायर स्वतंत्र ओढावी लागते. केबलला दुफाटा चालतो, पण प्रत्येक फाट्यावर निम्मा जोर जातो, म्हणून फाटे मोजकेच ठेवा.

मेकॅनिक आल्यावर

बाईमाणूस एकटी घरी आहे असं दिसलं की काहीजण सगळंच बदलायला काढतात. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात एकानं "बॉक्सच गेलाय" असं छातीठोकपणे सांगितलं. मी म्हटलं, "खालच्या काकूंकडे याच कंपनीचा बॉक्स आहे, तो आपल्या वायरीला लावून बघू या का?" लावला, तर त्यावरही तेच चौकोन! म्हणजे बॉक्स निर्दोष. शेवटी गच्चीवरची पिन हिरवी झालेली निघाली. भांडण नाही, तंटा नाही, नव्या बॉक्सचे पैसे मात्र वाचले. ही अदलाबदलीची चाचणी लक्षात ठेवा. कोणताही भाग बदलण्याआधी तोच भाग दुसरा लावून दाखवायला सांगावा, काढलेला जुना भाग मागून घ्यावा, पावती घ्यावी. आणि काम झाल्यावर चहाआधी शुद्धतेचा आकडा दाखवायला लावावा. पूर्वीपेक्षा कमी असेल तर काम झालेलं नाही.

आता शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. निदान करायचं ते जमिनीवरूनच. पावसात, शेवाळलेल्या गच्चीवर, पत्र्यावर किंवा कठड्यावर आपणही चढू नये आणि मुलांना, घरातल्या पुरुषांनाही चढू देऊ नये. मालिकेचा एक भाग चुकला तर उद्या कुणीतरी गोष्ट सांगतंच. जवळून विजेच्या तारा जात असतील तर लांब लोखंडी पाइप उभारायचं काम जाणत्या माणसाकडेच द्यावं. ढग गडगडू लागतील अशी चिन्हं दिसली की लगेच टी.व्ही. आणि बॉक्स यांचे प्लग काढा आणि बॉक्समागची छत्रीची वायरही सोडवून ठेवा. एकदा विजा चमकू लागल्या, की मात्र त्या वायरीला हात लावू नका.

आणि आजच एक काम करून टाका. दिनदर्शिकेच्या ज्या पानावर दुधाचा नि गॅस सिलिंडरचा हिशेब लिहिता, तिथेच एका कोपऱ्यात तारीख घालून जोर आणि शुद्धता हे दोन आकडे लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. आकडा उतरू लागला, की पाऊस यायच्या आत माणूस बोलवा.